न्याहारीसह मुक्काम : परदेशातील कसोटी आता लोणारच्या दारात

खास प्रतिनिधी

बुलडाणा – परदेशी निघालेल्या प्रवाशाची अर्धी चिंता विमानाचे तिकीट हाती पडताच संपते आणि उरलेली अर्धी तेथूनच सुरू होते. रात्र कोठे काढायची, हा तो प्रश्न. शिक्षण वा नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या मुलांना भेटायला निघालेले पालक असोत किंवा निवृत्तीनंतर युरोप पाहायचा म्हणून पैसे साठविलेले शिक्षक दांपत्य असो, पंचतारांकित हॉटेल त्यांच्या खिशाला परवडत नाही आणि तरुणांच्या वसतिगृहातील दुमजली खाटा त्यांच्या गुडघ्यांना मानवत नाहीत. अशा मधल्या वर्गाला तेथे आधार वाटतो तो 'बेड अँड ब्रेकफास्ट'चा, म्हणजे निवास व न्याहारीची सोय असलेल्या घरांचा.

नेमका हाच प्रश्न उलट दिशेने बुलडाणा जिल्ह्याच्या दारातही उभा आहे. लोणारचे सरोवर पाहण्यासाठी येणाऱ्या परदेशी अभ्यासकाला आणि पर्यटकालाही रात्र कोठे काढायची हे ठरवावे लागते. परदेशात घर निवडताना आपला प्रवासी जे प्रश्न विचारतो, तेच प्रश्न लोणार, सिंदखेडराजा आणि शेगावच्या यजमानांना विचारले तर उत्तरे काय मिळतील, याचा विचार करण्याची वेळ आली आहे. केंद्रीय अर्थसंकल्पात २०२५ मध्ये होमस्टेसाठी मुद्रा कर्ज देण्याची घोषणा झाली आणि समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. पैसा आणि रस्ता या दोन्ही अडचणी त्यामुळे पूर्वीइतक्या मोठ्या राहिलेल्या नाहीत. कसोटी आता घराची आणि यजमानाची आहे.

मूळ कल्पना साधी

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ही पद्धत फार जुनी. घरातील मुले मोठी होऊन बाहेर पडली, एक-दोन खोल्या रिकाम्या झाल्या की घरमालकीण त्या पाहुण्यांना देऊ लागे आणि सकाळी पोटभर न्याहारी करून घालीत असे. जर्मन भाषक प्रदेशात 'खोली रिकामी आहे' अशी पाटी दारावर लावण्याची रीत आहे. फ्रान्समध्ये अशा घरांना पाच खोल्या आणि पंधरा पाहुण्यांची मर्यादा असून स्थानिक नगरपालिकेकडे त्याची नोंद करावी लागते. जपानमध्ये 'मिन्शुकू' नावाची कुटुंबाने चालविलेली निवासगृहे आहेत. नावे वेगळी असली तरी तत्त्व एकच. यजमान त्याच घरात राहतो, खोल्या मोजक्याच असतात आणि सकाळचे खाणे भाड्यात धरलेले असते.

२००७ साली सॅन फ्रान्सिस्कोतील दोन तरुणांनी भाड्याचा भार हलका करण्यासाठी आपल्या घरात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले आणि त्यातून 'एअरबीएनबी' ही कंपनी २००८ मध्ये उभी राहिली. तिच्या नावातच गादी आणि न्याहारी आहे. पुढे मात्र या व्यवसायातून न्याहारी गळाली आणि अनेक ठिकाणी यजमानही गळाला. किल्ली एका पेटीत ठेवलेली, मालक दुसऱ्या शहरात, अशी सदनिका आणि कुटुंबाने चालविलेले घर ही दोन्ही संगणकाच्या पडद्यावर शेजारी-शेजारी, सारखीच दिसू लागली. आजच्या प्रवाशाची पहिली गफलत येथेच होते.

निवडताना काय पाहावे?

परदेशात असे घर निवडताना पहिला प्रश्न दराचा. ब्रिटनमध्ये अशा घरांचा दर परंपरेने माणशी सांगितला जातो. खोलीचा समजून घेतलेला दर प्रत्यक्षात दुप्पट निघाला तर साऱ्या सहलीचे अंदाजपत्रक कोलमडते. एकट्या प्रवाशाला दोघांच्या खोलीसाठी जादा आकारणीही करण्यात येते. इटलीतील अनेक शहरांत माणशी, दररात्री पर्यटन कर लागतो आणि तो आगाऊ भरलेल्या रकमेत नसून मुक्कामाच्या ठिकाणी वेगळा द्यावा लागतो. यास्तव छापील दराखालची बारीक अक्षरे वाचणे हे कंटाळवाणे असले तरी अपरिहार्य काम होय.

दुसरा प्रश्न न्हाणीघराचा. जुन्या घरांत दोन-तीन खोल्यांना मिळून एकच न्हाणीघर असते. तरुणांना याचे काही वाटत नाही. परंतु मधुमेहाचा किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना रात्री अंधारातून जिना उतरावा लागला तर न्याहारीची गोडी उरत नाही. जुन्या घरांत लिफ्ट नसते आणि जिने अरुंद असतात. तळमजल्यावरची खोली मिळेल काय, हे आधी विचारलेले बरे.

तिसरा प्रश्न न्याहारीचाच. पारंपरिक इंग्रजी न्याहारीत अंडी, डुकराचे मांस, सॉसेज, भाजलेले टोमॅटो आणि पाव असा थाट असतो. वारकरी घरातील प्रवाशाने आपला आहार आधी स्पष्ट शब्दांत कळविला पाहिजे. 'शाकाहारी' एवढे म्हणून भागत नाही, कारण काही ठिकाणी त्यातून अंडी वगळली जात नाहीत, तर काही ठिकाणी मासे खाणाराही शाकाहारी समजला जातो. काय चालते आणि काय चालत नाही याची यादीच पाठविली तर यजमानाची सोय होते आणि पाहुण्याचा संकोच वाचतो.

चौथा प्रश्न वेळेचा. हॉटेलात रात्री दोन वाजताही कोणी तरी जागे असते. घरात तसे नसते. अनेक घरांत पाहुण्याने दुपार ते संध्याकाळ या ठरावीक वेळेत पोहोचावे अशी अपेक्षा असते. मुंबईहून सुटलेले विमान उशिरा उतरले आणि यजमान झोपी गेला, तर थंडीत दाराबाहेर उभे राहण्याची पाळी येते. म्हणून पहिली रात्र विमानतळानजीकच्या हॉटेलात आणि दुसऱ्या दिवसापासून घरगुती निवासात, अशी आखणी करणे शहाणपणाचे ठरते.

पाचवा प्रश्न व्हिसाचा. युरोपातील शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो. व्हिसा नाकारला गेला तर आगाऊ भरलेले पैसे परत मिळतील काय, हे आरक्षणापूर्वीच तपासले पाहिजे. थोडा अधिक दर देऊन विनाशुल्क रद्द करता येणारे आरक्षण घेणे पुष्कळदा शेवटी स्वस्त पडते.

नोंदणी क्रमांक हीच खरी खूण

वरील सर्व प्रश्नांहून महत्त्वाचा झाला आहे तो परवान्याचा प्रश्न. गेल्या दहा-बारा वर्षांत जगातील मोठ्या शहरांनी या व्यवसायाला वेसण घालायला सुरुवात केली. लंडनमध्ये २०१५ पासून संपूर्ण घर वर्षातून ९० रात्रींपेक्षा अधिक काळ पर्यटकांना द्यायचे झाल्यास वेगळी परवानगी लागते. जपानमध्ये २०१८ साली लागू झालेल्या कायद्याने वर्षाला १८० दिवसांची मर्यादा घातली. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून कठोर अंमलबजावणी सुरू केली. तेथे ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचे तर यजमानाची नोंदणी हवी, तो स्वतः घरात हजर हवा आणि पाहुणे दोनांहून अधिक नकोत. बार्सिलोना शहराने २०२४ मध्ये, पर्यटक सदनिकांचे दहा हजारांहून अधिक परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत, असा निर्णय जाहीर केला. स्कॉटलंडमध्ये अल्पमुदतीच्या निवासासाठी परवाना सक्तीचा झाला असून घरगुती निवास-न्याहारीही त्यातून सुटलेली नाही.

या निर्बंधांमागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. पर्यटकाकडून आठवड्यात मिळणारे भाडे स्थानिक भाडेकरूच्या महिन्याच्या भाड्याएवढे होऊ लागले की मालक भाडेकरूला बाहेर काढतो. शहरातील वस्ती विरळ होते, शेजार संपतो आणि ज्या गजबजलेल्या जीवनाचे दर्शन घेण्यासाठी पर्यटक आलेला असतो, तेच नाहीसे होते. म्हणूनच न्यूयॉर्कसारख्या शहराने रिकाम्या सदनिकांना दार बंद केले, पण यजमान स्वतः राहतो त्या घराला वाट मोकळी ठेवली. मूळची निवास-न्याहारीची कल्पनाच कायद्याने पुन्हा मान्य केली, असा याचा अर्थ होतो.

प्रवाशासाठी व्यावहारिक धडा हा, की जाहिरातीत नोंदणी किंवा परवाना क्रमांक लागू असेल तेथे तो दिसला पाहिजे. परवाना नसलेले घर स्थानिक प्रशासनाने ऐन वेळी बंद केले, तर परक्या देशात सामानासह रस्त्यावर येतो तो पाहुणाच.

लोणारला मुक्काम का हवा?

आता हीच फूटपट्टी जिल्ह्याला लावून पाहू. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून बेसाल्ट खडकात उल्काघाताने झालेल्या विवरांपैकी ते जगातील एक विरळा नमुना मानले जाते. १८२३ साली ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर याने त्याची नोंद केली. १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ते उल्काघाताचेच विवर असल्याची बाजू भक्कम केली. सन २००० मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले, जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाल्याने त्याची जगभर चर्चा झाली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याचा रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत समावेश झाला. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरनंतर हा मान मिळविणारे ते राज्यातील दुसरे स्थळ ठरले.

एवढे वैभव असूनही छत्रपती संभाजीनगरहून निघणाऱ्या सहलींच्या आखणीत लोणार हे बहुधा एका दिवसाचे ठिकाण असते. सकाळी निघायचे, दुपारी काठावर उभे राहून छायाचित्रे काढायची, दैत्यसूदन मंदिर पाहायचे आणि अंधार पडण्यापूर्वी परतायचे. वास्तविक हे सरोवर भर दुपारी पाहण्याचे ठिकाणच नव्हे. काठाचा घेर पावणेसहा किलोमीटरच्या घरात आहे. विवरात उतरून पुन्हा चढायचे तर पहाट हीच योग्य वेळ. पक्षी पाहायचे तेही सूर्योदयाच्या सुमारास. पहाटे तेथे असायचे तर आदली रात्र गावात काढली पाहिजे, आणि नेमकी तीच रात्र पर्यटकाच्या कार्यक्रमातून निसटते.

समृद्धी महामार्गाने हा पेच अधिक तीव्र केला आहे. मेहकरच्या इंटरचेंजपासून लोणार साधारण २५ किलोमीटरवर आले. रस्ता चांगला झाला की पर्यटक वाढतात, हे खरेच. पण चांगल्या रस्त्यावरून ते लवकर परतूही शकतात. पूर्वी खराब रस्त्यामुळे नाइलाजाने मुक्काम करणारा प्रवासीही आता रात्रीपर्यंत घरी पोहोचू शकतो. दिवसापुरता येणारा पर्यटक गावात चहा-पाण्याचे पैसे ठेवून जातो, तर मुक्कामी पर्यटक खोलीचे भाडे, दोन वेळचे जेवण, वाटाड्याचे मानधन आणि रिक्षाचे पैसे ठेवून जातो. गावाला खरा लाभ दुसऱ्यापासून होतो. रस्त्याने आणलेली माणसे थांबवून ठेवण्याचे काम घरांनाच करावे लागणार आहे.

नवे बांधकाम अवघड, जुनी घरे सज्ज

यावर 'मोठी हॉटेले उभारा' असे उत्तर सहज सुचते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान लोणारमध्ये आहेच. परंतु सरोवराच्या परिसरात हॉटेलांची रांग उभी करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. एकीकडे अभयारण्य, तर दुसरीकडे गावात आणि काठावर संरक्षित प्राचीन मंदिरे. २०१० साली सुधारलेल्या केंद्रीय कायद्यानुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय काही करता येत नाही. सरोवराच्या संवर्धनाचा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे अनेक वर्षे आहे. काँक्रीटची गर्दी वाढवून ज्या वारशासाठी पर्यटक येतो, त्याचाच गळा आवळण्यात हशील नाही.

अशा परिस्थितीत उभ्या असलेल्या घरातील एक-दोन खोल्या नीट करून पाहुण्यांना देणे, हाच मार्ग गावाच्या प्रकृतीला मानवणारा आहे. त्याचा आणखी एक फायदा आहे. सिंदखेडराजा येथे १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीनिमित्त प्रचंड जनसमुदाय लोटतो. शेगावला प्रकटदिन आणि रामनवमीला पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीच्या मापाने हॉटेल बांधले तर उरलेल्या दिवसांत ते ओस पडते. घरातील खोलीचे तसे नाही. पाहुणे आले तर ती उत्पन्न देते, नाही आले तर घरच्यांच्या उपयोगी पडते. कर्जाचा हप्ता आणि रिकामी खोली या दोहोंच्या कात्रीत कुटुंब सापडत नाही.

योजना आहेत, पण...

योजनांची उणीव नाही. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेपूर्वी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने निवास-न्याहारी योजना आणली. मालकाचे कुटुंब त्याच घरात राहणे, खोल्यांच्या संख्येला मर्यादा असणे आणि सोयींनुसार सुवर्ण व रौप्य अशी वर्गवारी, ही तिची वैशिष्ट्ये. राज्याचीही निवास व न्याहारी योजना असून तिने कोकणात चांगले मूळ धरले. तारकर्ली, गणपतीपुळे, दापोली या पट्ट्यात पर्यटकांच्या मुक्कामावर संसार चालविणारी असंख्य घरे आहेत. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये, तर 'आई' हे महिलाकेंद्रित पर्यटन धोरण २०२३ मध्ये आले. त्यात महिला उद्योजकांना १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाच्या परताव्याची तरतूद आहे. न्याहारीचा सारा भार जेथे घरातील स्त्रीवर पडतो, तेथे व्यवसाय तिच्याच नावे असणे हे न्यायाचेही आहे आणि फायद्याचेही.

मात्र कोकणाचा कित्ता जसाच्या तसा गिरवून चालणार नाही. कोकणात पर्यटक समुद्रासाठी चार दिवस राहतो, लोणारला तो जास्तीत जास्त दोन रात्री राहील. त्यामुळे लोणार, सिंदखेडराजा, शेगाव आणि शेजारच्या जिल्ह्यातील अजिंठा यांची सांगड घालून तीन-चार दिवसांचा कार्यक्रम आखला गेला पाहिजे. तसे झाले तर एका गावातील यजमान पुढच्या गावातील यजमानाकडे पाहुणा पाठवील. आज प्रत्येक ठिकाण स्वतंत्र बेटासारखे आहे.

परदेशी पाहुण्याच्या बाबतीत आणखी एक अडथळा आहे, तो कागदोपत्री. परदेशी नागरिकाला मुक्कामास ठेवणाऱ्याने त्याची माहिती २४ तासांच्या आत संबंधित अधिकाऱ्याला ऑनलाइन कळविणे बंधनकारक राहिले आहे. 'सी फॉर्म' या नावाने ही नोंद परिचित आहे. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कायद्याने घेतली, तरी यजमानावरील ही जबाबदारी कायम आहे. लहान गावांतील लॉजचालक या नोंदीच्या धास्तीने परदेशी पाहुण्याला 'जागा नाही' असे सांगून मोकळे होतात. वस्तुतः पासपोर्ट आणि व्हिसाच्या तपशिलावरून भरायची ही माहिती आहे. ती कशी भरायची हे पोलीस ठाण्यातून एकदा नीट समजावून दिले, तर भीतीचे कारण उरणार नाही.

तिसरी अडचण सांडपाण्याची. पाहुण्यांसाठी न्हाणीघरे वाढली की पाणी वाढणार. उन्हाळ्यात टंचाई सोसणाऱ्या या जिल्ह्यात ते आणायचे कोठून, हा पहिला प्रश्न आणि वापरलेले पाणी जाणार कोठे, हा दुसरा. लोणारच्या सरोवराचे खारे, अल्कधर्मी पाणी आणि त्यातील सूक्ष्मजीव हेच त्याचे वेगळेपण आहे. गावाचे सांडपाणी त्यात मिसळले तर ते वेगळेपणच धोक्यात येईल. म्हणून निवास-न्याहारीचा परवाना देताना शोषखड्डा वा मलवाहिनीची जोडणी ही अट कागदावर न राहता प्रत्यक्ष पाहणी करून तपासली गेली पाहिजे. या एका बाबतीत ढिलाई झाली, तर पर्यटनानेच सरोवर बिघडविल्याचा ठपका उद्या येईल.

आदर्श जिल्ह्यातच

यजमानपणाचे शिक्षण घेण्यासाठी जिल्ह्याला परदेशात जाण्याची गरज नाही. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानची भक्तनिवासे स्वच्छता, शिस्त आणि माफक दर यांसाठी राज्यभर वाखाणली जातात. दिवंगत शिवशंकरभाऊ पाटील यांच्या व्यवस्थापनात ही शिस्त संस्थानच्या अंगवळणी पडली. तेथे सेवेकरी नम्रपणे बोलतो, फरशी पुसलेली असते आणि दरफलक समोर लावलेला असतो. एवढ्या तीन गोष्टी जरी घरोघरी उचलल्या गेल्या, तरी सुवर्ण आणि रौप्य वर्गाच्या अर्ध्या अटी आपोआप पूर्ण होतील.

न्याहारीच्या बाबतीत तर वऱ्हाडाने कोणाकडे पाहण्याचे कारण नाही. उकडपेंडी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा, पिठले, शेगावची कचोरी यांची चव पाहुणा विसरत नाही. अट एवढीच की तिखट किती हे त्याला आधी विचारावे आणि पिण्याचे पाणी शुद्ध असावे. परदेशात आपला प्रवासी आहाराची यादी पाठवितो, तसाच येथे येणारा पाहुणाही पाठवील. त्या यादीकडे नखरे म्हणून पाहिले तर तो पुन्हा येणार नाही.

थोडक्यात, दर स्पष्ट आहे काय, न्हाणीघर स्वच्छ आहे काय, न्याहारीत काय मिळेल, उशिरा आल्यास दार कोण उघडेल आणि घराची रीतसर नोंद आहे काय, हे पाच प्रश्न बुलडाण्याचा प्रवासी लंडन वा रोममध्ये विचारतो तेव्हा तो चोखंदळ ठरतो. हेच पाच प्रश्न लोणारच्या दारात उभा राहून एखादा परदेशी पाहुणा विचारील तेव्हा त्यांना चोख उत्तर देणारी वीस-पंचवीस घरे जरी गावात तयार झाली, तरी सरोवराकाठची पहाट पर्यटकाच्या वाट्याला येईल आणि तिची कमाई गावाच्या. तोवर समृद्धी महामार्गावरून आलेली वाहने सूर्यास्तापूर्वी त्याच मार्गाने परतत राहतील.